तुला कुणी वाचतं का गं, फाइल?

“बाबा, तुम्ही घरात नसलात, तर आपल्याकडे दिवा कोण लावणार?”

प्रश्न विचारला पिपाणीने, पण तो होता मैत्रिणींचा. हे ती बाबांना तोंडावर विचारूच शकणार नाही अशी त्यांनी पैज लावली होती. चष्मीस म्हणाली होती, “तू तर बाबांकडे मीठसुद्धा खुणेने मागतेस.” दोन वर्षांपूर्वी ते खरं होतं. तेव्हा हजेरी देतानाही हिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तर चेष्टेने नाव पडलं पिपाणी. यंदा कुठूनसा तो आवाज सापडला, आणि तेव्हापासून ती वाजतेच आहे.

पैजेचं मूळ होती उंटीण, वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. मागच्या रविवारी ती पिपाणीकडे आली, बाथरूममध्ये गेली आणि अंधारात अडकली. बटण शोधायला तिने भिंत चाचपली, तर भिंत गुळगुळीत. या घरात बटणं नव्हतीच. बाबांनी ती एकेक करून काढून टाकली होती आणि त्या जागी पांढऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. दिवे, पंखे, पाण्याची मोटर, सगळं बैठकीतल्या कपाटावर ठेवलेली एक काळी डबी चालवायची. माणूस आत आला की दिवा आपोआप लागायचा. पण उंटीण हा माणूसच आहे, हे त्या दिवशी डबीला काही केल्या पटेना. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आत मी हात मारून मारून पोहून आले.”

तर बाबा टोस्टला लोणी लावत होते. ते दातांच्या कवळ्या बनवायचे. निम्मं गाव माझ्या जिवावर चावतं, असं ते स्वतःच सांगत. आज एका नव्या मशीनचं प्रशिक्षण होतं, त्यासाठी त्यांना दिवसभर शेजारच्या शहरात जायचं होतं.

“कोण लावणार म्हणजे? घर लावणार,” ते म्हणाले. “मी असलो काय, नसलो काय. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केलाय.”

“आणि घराचंच डोकं फिरलं तर?”

आई चहाच्या कपात बघून हसली. ते हसू बाबांना लागलं. त्यांनी फोन काढला. “डोकं फिरू नये म्हणूनच अपडेट असतात. हा बघ, आलाय एक. नुसतं बोट लावायचं.” पडद्यावर लांबलचक सूचना उघडली.

“अहो, वाचा तरी काय लिहिलंय ते.”

“अगं, नेहमीचंच असतं. किरकोळ सुधारणा.” बाबांनी सूचना माशी हाकलावी तशी बाजूला सारली, अपडेट दाबला आणि वर बोट दाखवलं. “लागलेला आहे ना दिवा? झालं तर मग.” बॅग खांद्याला अडकवून ते गेलेसुद्धा.

शाळेत पिपाणीने छाती काढून सांगितलं, “विचारलं.”

“उत्तर काय मिळालं?” चष्मीसने विचारलं.

“घर लावतं म्हणाले.”

“हे उत्तर धरायचं नाही,” उंटीण म्हणाली. “मी त्या घरात पोहलेय.”

दुपारी पिपाणी घरी आली, तर आई बैठकीत नाही, स्वयंपाकघरात नाही. गॅरेजमधून फुस्स फुस्स आवाज येत होता. त्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती, तिथे आईचे मशरूम होते. गेल्या वर्षी आईने हिशेबनिसाची नोकरी सोडली आणि ही खोली मांडली. छतापासून पेंढ्याच्या लांब पिशव्या टांगलेल्या, आणि पिशव्यांना पाडलेल्या भोकांतून पांढऱ्या शिंपल्यांसारखे मशरूमचे झुबके बाहेर आलेले. मामाने तेव्हा विचारलं होतं, “ताई, खुर्ची सोडून बुरशी लावणार?” आईने त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर आज संध्याकाळी मिळायचं होतं. नाक्यावरच्या मोठ्या हॉटेलचे शेफ स्वतः माल बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला, तर वर्षभर मशरूम आईकडूनच घेणार होते.

आणि आई घामाघूम होऊन फवारणीच्या हातपंपाने हवेत पाणी उडवत उभी होती.

“फवारा बंद आहे,” ती म्हणाली. “पंखापण बंद. सकाळी तुम्ही गेल्यापासून.”

पिपाणीने वर बघितलं. एरवी या खोलीत शिरलं की अंगावर ओल धरायची. आज हवा कोरडी ठाक. दारालगतच्या झुबक्यांच्या कडा पिवळट होऊन वळायला लागल्या होत्या. हातपंपाने तर आणखी पंचाईत, कारण मोठा थेंब बसला की तिथे डाग पडायचा. मशरूमला हवं होतं धुकं, आणि धुकं करणारं यंत्र छताजवळच्या बंद पेटीत होतं. बटण अर्थातच नव्हतं.

“बाबांना फोन केलास?”

“जेवायच्या सुट्टीत लागला एकदाचा. म्हणाले फाइल बघ, आणि डबी बंद करून चालू कर. दोन वेळा केली. मग म्हणाले सेन्सर ओला झाला असेल. कोरड्या खोलीत ओला कसा होईल, ते विचारेपर्यंत त्यांची सुट्टी संपली.”

“फाइल बघितलीस?”

“त्यांचा लॅपटॉप उघडेल तर बघेन ना. पासवर्ड माझा वाढदिवस आहे म्हणाले. माझा वाढदिवस मला माहीत असावा अशी माझी समजूत होती.”

पिपाणीने लॅपटॉप मांडीवर घेतला, तारीख घातली. उघडेना. थोडा विचार करून तिने विचारलं, “आई, बाबा तुझा केक कधी आणतात?”

“दुसऱ्या दिवशी. दर वर्षी.”

पिपाणीने दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. लॅपटॉप मुकाट्याने उघडला. आईने हातपंपाचा दांडा ज्या जोरात दाबला त्यावरून बाबांची संध्याकाळ कशी जाणार ते कळत होतं.

गॅरेजचा कारभार बघायला घराच्या प्रोग्रामला एक छोटा प्रोग्राम जोडलेला होता. बाबा त्याला ॲड-ऑन म्हणत. हा ॲड-ऑन सुरू झाला की एक फाइल वाचायचा. ओलावा कितीच्या खाली गेला की फवारा सोडायचा, कुठला पंखा फिरवायचा, सगळं त्या फाइलमध्ये बाबांनी लिहून ठेवलं होतं. पिपाणीने ती उघडली. ओळ न् ओळ जागच्या जागी. तिने ओलाव्याचा आकडा वाढवून बघितला, ॲड-ऑन पुन्हा सुरू केला. ‘सर्व ठीक,’ ॲड-ऑन म्हणाला, आणि फवारा ढिम्म.

आकडा आणखी वाढवला. सर्व ठीक. पंख्याची ओळच बदलली. सर्व ठीक.

“काहीही केलं तरी ठीकच म्हणतोय,” पिपाणी वैतागली. “काहीही लिहा, ठीक. काहीही लिहा...” आणि ती एकदम ताठ बसली. “आई, सरांच्या मिशा!”

“काय झालं त्यांच्या मिशांना?”

“त्यांना काही झालं नाही. मी निबंधात लिहिल्या होत्या.”

ती पैज जुनी होती. सर निबंध वाचतात की नुसते तपासतात, यावर वर्गात वाद झाला होता. तेव्हा पिपाणीने ‘माझा आवडता ऋतू’च्या बरोबर मधोमध लिहून दिलं होतं, ‘सर, इथपर्यंत वाचत आला असाल तर तुमच्या मिशा छान आहेत.’ वही परत आली ती लाल शाईत ‘सुंदर निबंध, असेच लिहीत जा’ घेऊन.

“सरांच्या मिशांवर निबंध लिहितेस?”

“त्यावरून नंतर रागाव. आधी हे बघ.” तिने फाइलच्या मधोमध टाइप केलं: ‘ए फाइल, तुला कुणी वाचतं का गं? वाचत असेल तर बाबांची कवळी गिळून दाखव.’ “यात एक स्वल्पविराम चुकला तरी बाबा अर्धा तास डोकं धरून बसतात. आता याने बोंब मारायलाच हवी.”

ॲड-ऑन सुरू झाला. सर्व ठीक.

“सुंदर निबंध,” आई हळूच म्हणाली.

“म्हणजे हा ही फाइल वाचतच नाहीये. आपण मघापासून भलत्याच वहीत अभ्यास करतोय.”

मग तो वाचतो काय? पिपाणीने बाबांनी सकाळी हाकललेली सूचना शोधून काढली. किरकोळ सुधारणांच्या भाऊगर्दीत दोन ओळी जाड अक्षरांत होत्या. यापुढे प्रत्येक ॲड-ऑनच्या फाइली त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतील. जुन्या फाइली तुम्हालाच तिकडे हलवाव्या लागतील.

“दोन ओळी,” आई म्हणाली. “दोन ओळी वाचवेनात यांना.”

नवा फोल्डर सापडायला वेळ लागला, कारण त्याचं नाव कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं होतं. आत एक कोरी करकरीत फाइल होती. ॲड-ऑन नव्या घरी राहायला आला होता, सामान आलेलं दिसेना, म्हणून त्याने आपली आपणच एक नमुन्याची फाइल बनवली आणि तिच्यात जे काही नव्हतं ते इमानेइतबारे करत बसला होता. पिपाणीने नमुना काढून टाकला, जुनी फाइल तिथे आणून ठेवली, ॲड-ऑन सुरू केला.

पडद्यावर लाल अक्षरांचा सडा पडला.

“झालं,” आई मटकन खाली बसली. “आता पुरतंच बिघडलं.”

पिपाणी मात्र लॅपटॉप घेऊन नाचायला लागली. “अगं, ओरडतोय तो! काय म्हणतोय बघ, मधली एक ओळ समजत नाही. कवळीची! मी पुसायलाच विसरले. वाचली, आई, त्याने वाचली.”

कवळी पुसली, मघाशी बदललेला आकडा आणि पंख्याची ओळही पुन्हा होती तशी केली. पुन्हा लाल, पण या वेळी थोडंच. पहिल्या फाइलमध्ये दुसऱ्या एका फाइलचा पत्ता होता, फवाऱ्याच्या वेळा तिच्यात होत्या, आणि तो पत्ता अजून जुन्या घराचाच होता. पिपाणीने तीही फाइल हलवली, पत्ता बदलला. “आता काय म्हणतोय?” आईने विचारलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, छताकडे बघत होती.

पिपाणीला उत्तर द्यावं लागलं नाही. पेटीत टक् झालं. पंखा घुं घुं करत फिरला आणि छतावरून धुकं उतरायला लागलं. झुबके दिसेनासे झाले, मग आई दिसेनाशी झाली. धुक्यातून तिचा आवाज आला, “पिपे, इकडे ये.” पिपाणी गेली. आईने तिला ओल्या हातांनी इतकं घट्ट धरलं की गणवेशाच्या पाठीवर दोन पंजे उमटले.

संध्याकाळी शेफ आले. ठेंगणे, गंभीर, बोलायला महाग. प्रत्येक पिशवीपाशी थांबून वास घेत फिरले. दारालगतच्या रांगेपाशी आई आपणहून म्हणाली, “या कडा आज दुपारी वाळल्यात. या मी देणार नाही.”

शेफनी एक वाळकी कड मोडून तोंडात टाकली. बराच वेळ चावली. पिपाणीला वाटलं, यांची कवळी बाबांनीच बनवलेली असणार.

“या सूपला चालतील,” ते म्हणाले. “बाकीचे उद्या सकाळी पाठवा. मग दर आठवड्याला.”

ते गेल्यावर आईने सगळ्यात आधी मामाला फोन लावला. “काही नाही रे,” ती गोड आवाजात म्हणाली, “बुरशी बरी आहे, एवढंच सांगायचं होतं.”

पिपाणीने मैत्रिणींना एकच शब्द पाठवला: ‘मी.’

“काय मी?” चष्मीसचा उलटा प्रश्न.

‘सकाळच्या प्रश्नाचं उत्तर.’

बाबा जेवणाच्या वेळेला उगवले. दारात दिवा लागलेला बघून खूश झाले. “काय, चाललं ना घर माझ्यावाचून?”

“चाललं,” आई म्हणाली. “जेवा.”

तिने आणखी काही विचारलं नाही, तेव्हा बाबांना पहिली शंका आली. फवाऱ्याचं काय झालं ते बघायला त्यांनी लॅपटॉप ओढला, पासवर्ड घातला. उघडेना. पुन्हा घातला. पुन्हा उघडेना. त्यांनी आईकडे बघितलं, आई वाढण्यात गुंतली होती. मग त्यांनी मुलीकडे बघितलं.

पिपाणी खुर्चीवरून उठली. मीठ खुणेने मागायचे दिवस गेले होते.

“आई, बाबा, मी ठरवलंय. या घराचे अपडेट यापुढे मी करणार. सूचना आली की आधी इथे, याच टेबलावर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायची, मग बोट लावायचं. गॅरेजला आणि बाथरूमला या रविवारी साधी बटणं बसणार, पट्ट्या मी स्वतः काढणार आहे. आणि पासवर्ड मी बदललाय.”

“बदललास? काय ठेवलास?”

“आईचा वाढदिवसच आहे, बाबा,” पिपाणी म्हणाली. “फक्त या वेळी खरा.”