युसुफचा दगडी शिक्का

मी एक शिक्का बोलतोय. बोटाएवढा, हिरवट दगडाचा, तळाशी मालकाचं नाव कोरलेलं. माझा जन्म कोरियातला. तिथे त्या काळी माणसं सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उठवायची. त्यामुळे समोरचा कागद आणि त्यामागचा माणूस, दोघांवरही वहीम घ्यायची मला जन्मजात खोड आहे.

माझा मालक रस्ते बांधायच्या कामावर सौदीत आला. इथे त्याने कलमा पढला, युसुफ झाला आणि श्रीवर्धनच्या एका नर्सशी निकाह लावला. त्यांची लेक जुबेदा. ती रांगत असताना कोरियाहून त्याची आई आजारी असल्याची खबर आली. निघताना त्याने मला बायकोच्या मुठीत ठेवलं. "लवकर येतो," म्हणाला. तो आलाच नाही. पुढे त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मी काय चीज आहे, हे त्या बिचारीला कोण सांगणार? तिला मी शोभेची वस्तू वाटलो. ईदला ती चक्क नानखटाईवर माझी नक्षी उठवायची! पोरं माझ्या मालकाचं नाव चहात बुडवून खायची. आधी मला राग यायचा, मग सवय झाली. तिच्या माघारी मी रास तनुराला जुबेदाच्या घरी आलो. तिचा नवरा सिराजुद्दीन मूळचा रत्नागिरीचा, इथे रिफायनरीत फोरमन आहे.

बाप आपल्याला टाकून गेला, ही जुबेदाच्या मनातली गाठ कधी सुटली नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. 'येतो' म्हणून निघालेल्या कुणावरच तिचा भरवसा नाही.

आणि एक दिवस तिचा मुलगा आकिब मला कपाटातून काढून न्याहाळायला लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं ढुंकून न बघणाऱ्याला आजच माझं कौतुक का?

"अम्मी, नाना कोरियन होते ना? तुझ्यामार्फत मला तिथलं नागरिकत्व मिळू शकतं. ड्युअल!"

पोराची अडचण खरी होती. जन्म सौदीतला, पण वयात आलेल्या मुलाला बापाच्या इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, राहता येत नाही आणि त्याला नोकरी देणारा कफील मिळत नव्हता. मायलेक मला घेऊन रियाधला, ओलायातल्या एका एजंटकडे गेले. तो साखर पेरत बोलला, "आधी मॅडमचा अर्ज, मग मुलाचा. इंडियन पासपोर्टही राहील, फिकर नको." जुबेदाने मला त्याच्या टेबलावरून उचललं आणि पर्समध्ये टाकलं. त्या क्षणी ती मला फार आवडली.

घरी सिराजुद्दीन ऐकून भडकलाच. "दोन्ही कसले राहतात? दुसरं घेतलं की आपलं खलास! नंतर ओसीआय कार्ड मिळेल, पण ते नागरिकत्व नव्हे. त्या लबाडाने कार्डालाच पासपोर्ट म्हटलंन."

आकिब म्हणाला, "मग त्यांचंच घेतो."

"आणि इथे?" जुबेदाने विचारलं.

"येईन ना अम्मी. लवकर येईन."

नेमका तोच शब्द! तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण आई ती आईच. दुसऱ्या दिवशी तिने अर्जावर सही केली. पुढे कागद हलले, तिकडून होकार आला आणि आज आकिब निघाला आहे. मघाशी तिने मला रुमालात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवलं.

"हा घेऊन जा. नाना हा ठेवून गेले नि माझी आई जन्मभर दाराकडे डोळे लावून बसली. तू माझ्यासाठी काही ठेवू नको."

आकिबने मान खाली घालून मला बॅगेत टाकलं.

अगं जुबेदा, तुझं चुकतंय! कायमचा जाणारा माणूस शिक्का सोबत नेतो. त्याच्याशिवाय तुझ्या बापाला तिकडे घरची जमीन विकता आली नसती, की बँकेतला पैसा काढता आला नसता. तो तुला टाकून गेला नव्हता गं. परत यायचं म्हणूनच तो मला तुमच्यापाशी ठेवून गेला.

मला तोंड नाही. वाचणाऱ्यांनो, तुम्हाला आहे. टॅक्सी अजून दारात उभी आहे. आकिबला एवढं सांगा, मला आईच्या हातात ठेव आणि मग जा.