आबा चौकातून उठले त्याची गोष्ट

दोंडाईच्याच्या आधार आबांना धुळ्याच्या चौकाचं वेड होतं. वेड म्हणजे साधंसुधं नाही हो, घरच्यांनी हात टेकावेत असं. चौकात गणपतीचा ऑर्केस्ट्रा असो, उरुसातली कव्वाली असो, शिवजयंतीचा पोवाडा असो की भीमजयंतीचा गायनाचा सामना, कानावर नुसती बातमी आली की आबा खुंटीवरची टोपी काढायचे, बारदानाची घडी बगलेत मारायचे आणि एसटी स्टँडकडे चालू पडायचे. द्रौपदाबाई, त्यांची बायको, दारातून ओरडायची, "जेवीसन तरी जा!" पण तोवर आबा गल्लीच्या तोंडाशी पोचलेले असायचे.

उभी हयात त्यांनी जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत आणि यंत्रांच्या खडखडाटात काढली होती. कान कसे शाबूत राहिले देव जाणे. उलट दिवसभर तो खडखडाट ऐकला म्हणूनच असेल, माणसाच्या गळ्यातला सूर त्यांना लाखमोलाचा वाटायचा.

आणि चौकही तसाच होता म्हणा! चारी बाजूंनी रस्ते येऊन मिळालेले, मध्ये मोकळी ऐसपैस जागा. दिवसा तिथं हातगाड्या, सायकली, कापूस भरलेल्या ट्रका यांची नुसती खेचाखेच. पण कार्यक्रमाच्या दिवशी ऊन कललं की सगळं आपोआप मागं सरायचं. कापडवाला दुकानाची फळी लावायचा, रसवंतीवाला घुंगरं काढून ठेवायचा, म्हणे गाण्यात खोडा नको. मंडळाची पोरं रस्त्यावर पाणी मारायची, सतरंज्या पडायच्या, आणि खांबाखांबावरचे भोंगे खरखरायला लागायचे. आबा तिथं उभे राहून एकदा सगळीकडे डोळे भरून बघायचे. धुळ्यात तालेवार लोक पुष्कळ असतील, पण एवढा मोठा दिवाणखाना कुणाकडे आहे, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

आबांची जागा ठरलेली. स्टेजच्या अगदी समोर, मधोमध. बारदान अंथरायचं, मांडी घालायची आणि बसायचं. चौकातली माणसं ती जागा त्यांच्यासाठी सोडायची, कारण आबा म्हणजे त्या चौकाचे परीक्षक! नेमलेलं कुणी नव्हतं, पण मानत सगळे होते. गाणं चांगलं असलं की आबा डोळे मिटून डोलायचे. गाणं फसलं की मात्र एक शब्द बोलायचे नाहीत. शांतपणे उठायचे, बारदान झटकायचे, "मी चहा पिवाले जास" एवढंच म्हणायचे आणि चालायला लागायचे. झालं! आबा उठले की चौक चुळबुळायला लागायचा, बिड्या पेटायच्या, पोरं शेंगदाणे आणायला पळायची. मोठ्या शहरातून आलेला एक गवई तर कार्यक्रम संपल्यावर त्यांना शोधत चहाच्या गाडीवर आला होता. काय चुकलं म्हणून विचारायला लागला. आबा म्हणाले, "भाऊ, गळा झकास शे तुना, पन अंतरामा दम तोडस तू." गवई चहा पाजून गेला.

तर असे हे आबा. आता त्यांच्या सुनेचं सांगतो.

अभिमन, त्यांचा एकुलता एक पोरगा, वीज मंडळात वायरमन. त्याची बायको लता, मुक्ताईनगरकडची. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासऱ्याशी तिचं बोलणं म्हणाल तर शून्य. भांडण नव्हतं हो, उलट आबांचा तिच्यावर जीव होता. पण त्या घरची रीतच तशी होती. सासरा ओट्यावर बसला की सुनेनं पदर कपाळावर ओढायचा, चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि आत सरकायचं. आबासुद्धा घरात शिरताना आधी खाकरायचे, म्हणजे पोरीला आवरायला वेळ मिळेल. दोघंही एकमेकांचा मान राखता राखता एकमेकांना अनोळखी राहिली होती.

त्यामुळे गावातल्या सगळ्या बायांना जे माहीत होतं ते एकट्या आबांना माहीत नव्हतं. पौर्णिमेला विहारात बाया जमायच्या तेव्हा लता गायची. आणि गायची म्हणजे अशी, की पोरांना पाजणाऱ्या बायासुद्धा पाजायचं विसरायच्या. द्रौपदाबाईचा भाऊ मोतीलाल याची गायन पार्टी होती. बहिणीकडे आलेला असताना त्यानं विहाराच्या खिडकीतून ते ऐकलं आणि अडूनच बसला. म्हणाला, यंदा बाबासाहेबांची शताब्दी आहे, धुळ्याच्या चौकात सामना आहे, ही पोरगी माझ्या पार्टीत गाणार म्हणजे गाणार.

लताच्या डोळ्यांत लकाकी आली. माहेरी असल्यापासून तिला एकदा मोठ्या लोकांसमोर गायचं होतं, आणि धुळ्याचा चौक म्हणजे तर सगळ्यात मोठा. पण लगेच ती भ्यायली. "आबा?" एवढंच म्हणाली.

"त्यासले काहीच सांगानं नही," द्रौपदाबाई म्हणाली. "सासरा म्हणून ते नाही म्हनावत नहीत. पन कळनं तर रोज ओट्यावर बठीसन चुका काढतीन. पोरीना आवाजच बसी जाई."

म्हणजे बघा, घरातल्या कुणाला सासऱ्याची धास्ती नव्हती. धास्ती होती ती त्या परीक्षकाची.

जयंतीच्या दिवशी आबा नेहमीप्रमाणे पुढे निघून गेले. बायका मागून ट्रकनं आल्या. चौक त्या संध्याकाळी जसा दिसत होता, तसा आबांनी आजवर कधी पाहिला नव्हता. निळ्या पताकांनी आभाळ झाकलेलं, दुकानांच्या गच्च्यांवर माणसं, गटारीच्या कट्ट्यावर माणसं, खेड्यापाड्यांतून आलेल्या बैलगाड्या रस्त्याकडेला सोडलेल्या. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, एकेकाच्या चेहऱ्यावर सणाचं तेज. शंभर वर्षांची जयंती होती ती, काय थट्टा होती का! आबांचा ऊर भरून आला. बारदान अंथरून ते आपल्या जागी बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आज उठानं नाव नही. आज कोनी कसंबी गावो."

समोरच्या पार्टीनं सामना जोरात सुरू केला. मग मोतीलालची पाळी आली. पेटी पुढे ओढून तो माइकवर म्हणाला, "मंडळी, आमच्या पार्टीत आज पहिल्यांदाच एक बाई गाणार आहेत. लताबाई, दोंडाईच्याच्या."

आबांना नावावरून काही उमगलं नाही. सुनेला ते 'अभिमननी बाई' म्हणायचे. पडद्यामागून निळ्या काठांची पांढरी साडी नेसलेली एक बारीकशी पोरगी आली, तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि सूर लावला.

"राखेवरती बोटानं माय अक्षर गिरवी,
भीमाच्या उजेडामंदी घर सारं मिरवी..."

बस्स! आबांच्या अंगावर काटाच आला. कुठून यावा तो सूर? खालून, पार पोटातून आल्यासारखा, ना किंचाळणं ना थरथर, भरलेल्या कळशीसारखा गच्च. 'माय' या शब्दावर ती जरा थांबली, तर चौकातली सगळी माणसं तिच्याबरोबर थांबली. आबांनी डोळे मिटले. डोलायलाही विसरले. आणि मग, ही कोण बाबा, म्हणून डोळे उघडून नीट बघतात तर काय, अभिमनची बाई!

आपल्या घरी पाणी भरते ती? उंबऱ्यावर कप ठेवते ती? अरे, हा आवाज दोन वर्षं आपल्या भिंतीपलीकडे होता आणि आपण तो ऐकायला एसटीचे धक्के खात गावोगाव हिंडलो! आबांना हसावं की रडावं कळेना. सगळ्या चौकाला हलवून सांगावंसं वाटलं, ही माझ्या घरची आहे म्हणून.

तेवढ्यात लतानं डोळे उघडले. समोर चार हातांवर सासरा. दोघांची नजरानजर झाली. तिचा हात चटकन पदराकडे गेला, पदर कपाळावर आला आणि सूर जरासा हलला.

 आबांना वाटलं, अरेच्चा, हा अडथळा तर मीच! पोरगी वर उभी, सासरा खाली तोंडासमोर बसलेला, तिनं मोकळ्या गळ्यानं गावं तरी कसं? इथं बापासारखं वागायला पाहिजे. तिची लाज आपण नाही राखायची तर कोणी? शताब्दीची जयंती, मधोमधची जागा, आणि असा गळा पुन्हा कधी कानी पडेल कुणास ठाऊक. पण आबांनी मन घट्ट केलं. मान खाली घातली, बारदान उचललं आणि वाकून, कुणाच्या आड येणार नाही असे, बाजूला निघाले.

आपण केवढं मोठं काम करतोय याचा त्यांना जाता जाता थोडा अभिमानही वाटत होता.

मागं काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही. "आबा उठना!" कुणीतरी म्हणालं. "आबा उठना, आबा उठना," ओळीओळीनं कुजबुज गच्चीपर्यंत गेली. मोतीलालची बोटं पेटीवर अडखळली. लतानं आबांची पाठ पाहिली, बगलेतलं बारदान पाहिलं. अंतरा तिनं कसाबसा उचलला, आणि अर्ध्यावर तो तुटला.

आबा चहाच्या गाडीशी पोचले होते. भोंगा एकदम मुका झाला तशी त्यांनी मान वर केली. कुठंतरी एक शिट्टी वाजली.

गाडीवाला वना त्यांच्याकडे रागानं बघत होता. "काय आबा," तो म्हणाला, "पोरगी इतकी चांगली गायी राहिंथी. तुमी कसाले उठनात? नवी शे ती. इतली शिक्षा?"

"शिक्षा?" आबा म्हणाले. "कसानी शिक्षा?"

आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाप रे बाप! सासरा म्हणून उठलो, पण चौकाला सासरा कुठं माहीत आहे? चौकाला परीक्षक माहीत आहे. पोरीलाही तोच माहीत आहे. आपण हातानं तिचा गळा दाबून आलो!

आबा धावत सुटले. या वयात, त्या गर्दीत! कुणाच्या पायावर पाय पडला, कुणाची टोपी उडाली, एका म्हातारीनं शेलक्या शिव्या घातल्या. बायकांच्या बाजूनं द्रौपदाबाई उभी राहून सगळ्यांसमोर गरजत होती, "समाधान व्हयनं का तुमनं? व्हयनं का?" आबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. स्टेजवर लता तोंडाला पदर लावून मागं सरत होती आणि समोरच्या पार्टीचा ढोलकीवाला ढोलकी पुढे घेत होता. ती एकदा खाली उतरली असती तर पुन्हा आयुष्यात कधी वर चढली नसती. आबांना हे पक्कं कळत होतं.

"थांबा!" ते ओरडले. "थांबा, मोतीलाल!"

मोतीलालनं काय समजायचं ते समजून माइकचा दांडा स्टेजच्या कडेवरून खाली झुकवला. उभ्या जगाला माइक कसा धरावा हे सांगणाऱ्या आबांनी तो आजवर हातात घेतला नव्हता. आधी चौकभर नुसता त्यांच्या धापांचा भाता ऐकू गेला.

"मंडळी," आबा म्हणाले, "ती चुकनी नही. मी चुकनू. ती... ती मनी सून शे. मी सासरा शे तिना. तिनी लाज राखाले उठनू मी, चहा पिवाले नही!"

 मग कापडवाल्याच्या गच्चीवरून कुणीतरी फस्सकन हसलं आणि अख्खा चौक हसत सुटला. ते हसू टोचणारं नव्हतं, घरातलं हसू होतं. हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. द्रौपदाबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

लता स्टेजच्या कडेला आली. डोळे पाण्यानं भरलेले, पण ओठ हसू दाबत होते. समोर माइक आहे हे तिच्या ध्यानातच आलं नसावं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्याशी बोलली, आणि ते चारी रस्त्यांच्या भोंग्यांतून सगळ्या धुळ्यानं ऐकलं.

"मंग बठा ना आबा," ती म्हणाली. "तुमी समोर पाहिजेत माले."

आबांच्या जागेवर एव्हाना दुसराच कुणी बसला होता. तो लगबगीनं सरकला. आबा बसले. बारदान कुठं पडलं होतं कुणास ठाऊक, ते तसेच डांबरावर बसले.

मग जे गाणं झालं ते काय सांगावं! लतानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आबांकडे बघून. अक्षर गिरवणारी माय तिनं अशी उभी केली की म्हाताऱ्या बाया आपली बोटं बघायला लागल्या. अंतरा चढत गेला, चढत गेला आणि कुठंही दम तुटला नाही. शेवटच्या ओळीला चौक तिच्याबरोबर गात होता, गच्चीवरचे आणि गाड्यांवरचेसुद्धा. समोरच्या पार्टीचा ढोलकीवाला गुपचूप मोतीलालच्या पार्टीला ठेका देत होता. तो चौक बांधला गेला तो अशाच एखाद्या संध्याकाळसाठी असणार, असं आबांना वाटलं.

गाणं संपवून लता पायऱ्या उतरून खाली आली. लोक वाट देत होते. मोतीलालही मागोमाग आला आणि म्हणाला, "बोला दाजी. काय चुकनं?" भोवतीची माणसं कान टवकारून पुढे झाली.

  आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. रीतीप्रमाणे लता पाया पडायला वाकू लागली, तशी त्यांनी घाईघाईनं तिला अडवलं. टोपी सरळ केली. एक पाऊल मागं सरून, थोरामोठ्यांसमोर उभं राहावं तसे ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"जय भीम, बाई," तिच्या आधी आबाच म्हणाले.