हातचे बावीसशे

वहीचं पहिलं पान:

बोट, जाऊन-येऊन, १००. टॅक्सी ३००. खोली, चार रात्री, १६००. जेवण १२००. काचेच्या तळाची होडी २००. पोहण्याचा पोशाख २५०. केस १५०. भेटवस्तू ०.

हात ६०००. खर्च ३८००. हातचे २२००.

आमच्या त्रिनिदादमध्ये भिशीच्या पाळीला हात म्हणतात. वीस बायका, आठवड्याला तीनशे डॉलर, आणि वीस आठवड्यांत एकदा सहा हजारांचा हात. भिशी टांटी लिस्ट्रा, म्हणजे लिस्ट्रा मावशी, चालवते. ती कागदावर काही लिहीत नाही आणि तिचं कधी चुकत नाही. तिचा नियम एकच: हाताला कुणी विचारायचं नाही, कुठं चाललास.

माझ्या घरी विचारलं.

"टोबॅगो?" माझा मुलगा कर्विन म्हणाला. वय एकतीस, नोकरी पक्की, जेवायला माझ्याकडे. "मा, ते आपल्याच देशाचं बेट, समोर दिसतं. तिथं आपण लग्नाला जातो, मयताला जातो. सुट्टीला गोरे जातात."

"मग मी त्यांच्या मागोमाग जाते. खुर्च्या गरम करून ठेवल्या असतील त्यांनी."

"माझ्या खोलीचं छप्पर गळतंय. सहा हजारांत नवे पत्रे येतात."

"तुझं छप्पर गळतं, कारण तुझा पगार गाडीतल्या स्पीकरात गळतो. चारही चाकं हलतात त्या आवाजानं. त्या स्पीकरांखाली झोप, कोरडा राहशील."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील व्हर्लिन सुट्टीला गेली. खरंच असेल ते."

मला काय हवं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. हसला असता. इथं लिहिते.

बावीस वर्षं मी एका लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करते. दिवसाला शंभर-सव्वाशे. पांढऱ्या, दुप्पट रुंदीच्या, कोपऱ्याला हॉटेलचं नाव. त्या चादरी कुठं जातात, कोण झोपतं, कोण कॉफी सांडतं, सगळं डागांवरून कळतं मला. मला एकदा, फक्त एकदा, दुसऱ्या कुणी इस्त्री केलेल्या चादरीवर झोपायचं होतं. घरच्यासारखं भिंतीकडे तोंड करून नाही. हातपाय पसरून, मधोमध.

खोली.

खोली मी फोनवर शोधली. चित्रात समुद्र, नारळ, बाल्कनीत पांढरा पलंग. खाली लिहिलं होतं: चारशे डॉलर रात्रीला, पैसे आल्यावर द्या. मला वाटलं, महाग आहे, पण आहे तर आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दोन वर्षांचं पोरसुद्धा किंमत ऐकून विचारतं, आपले की त्यांचे? म्हणजे इथले डॉलर की अमेरिकन. टायर घेताना विचारतो, फ्रिज घेताना विचारतो. मी आयुष्यभर विचारत आले. तेव्हा विचारलं नाही. चित्रातला समुद्र आपला होता, म्हणून डॉलरही आपलेच धरले.

शुक्रवार, दुपार. हॉटेलचं काउंटर.

मी नव्या केसांसह, एका हातात बॅग, दुसऱ्यात बर्फाचा डबा. डब्यात पेलाव, कोंबडी घातलेला घरचा भात, कारण बोटीवरच्या जेवणाला मी पैसे देत नाही. काउंटरमागे शनेल नावाची मुलगी. नाव छातीवर लिहिलेलं, आवाज टोबॅगोचा.

"चार रात्री, आंटी. सोळाशे, अमेरिकन."

मी ऐकलं. मग परत ऐकलं.

"आपल्यात किती?"

तिनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. सहा डॉलर ऐंशीचा भाव. एका रात्रीचे दोन हजार सातशे वीस.

बोट, पोशाख, केस आणि टॅक्सीचे पहिले शंभर जाऊन माझ्याकडे पाच हजार चारशे होते.

"आंटी, बसा. पाणी देऊ?"

"पाण्याचे किती? आणि आपले की त्यांचे?"

ती हसली नाही. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाली, "इथल्या लोकांचा वेगळा दर असतो. निम्मा. पण तो सप्टेंबरात."

"आणि आत्ता मार्चमध्ये मी कुठली असते?"

"माझ्या हातात असतं तर..."

"पोरी, मी तुला बोलत नाहीये. तुझ्या मागच्या भिंतीला बोलतेय. झेंडा आपला लावलाय ना तिथं? त्याच्याखाली भाव दुसऱ्यांचे." मी जरा मोठ्यानंच म्हणाले. सोफ्यावरच्या एका लालबुंद पाहुण्यानं टोपी सारखी केली.

"रद्द करायचं असेल तर दंड लागणार नाही, मी बघते," शनेल म्हणाली. "चारची बोट मिळेल तुम्हाला."

तेवढ्यात फोन वाजला. कर्विन. आईचा पाय घसरला की या मुलाला वास येतो.

"पोचलीस? कसं आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "चुकले," मी म्हणाले. "भाव अमेरिकन निघाला."

तो हसला. पोटभर हसला, मी थांबले. "मी म्हणालो होतो! किती रात्री बसतात?"

"दोनला चाळीस कमी."

चाळीस.

"चाळीसच ना? आत्ता पाठवतो. दोन रात्री राहा, ऐश कर. आल्यावर मग बसून बोलू, पुढच्या हाताचं. छपराचं."

चाळीस डॉलर. तेवढ्यात हल्ली एक धड जेवण येत नाही. तेवढ्यात माझा पुढचा हात विकत मागत होता माझाच मुलगा, आणि वर उपकार करत होता. दोन रात्री राहून मी खाल्लं काय असतं? त्यानं पाठवलेलं. मग अजून थोडं पाठवलेलं.

"कर्विन, फ्रिजमध्ये चीज घालून भाजलेला मॅकरोनी पाय आहे. तो खा आणि तोंड त्यातच ठेव."

फोन बंद केला. बर्फाच्या डब्यावर बसले. वही काढली, गुडघ्यावर धरली. टांटी लिस्ट्रा म्हणते, हिशेब उभ्यानं करू नये, उभ्या माणसाला पळून जावंसं वाटतं.

~~खोली १६००~~

जेवणाला हात लावायचा नाही. होडीला लावायचा नाही. खोलीचे सोळाशे आणि हातचे बावीसशे: अडतीसशे.

"शनेल, इथं कुणाकडे साधी खोली मिळते? आपल्यात."

तिनं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं. बेकरीवरची खोली, मिसेस ऑर, रात्रीला साडेतीनशे. "माझ्या आजीची बहीण आहे. माझं नाव सांगा. आणि पंखा मागून घ्या, आपण होऊन देत नाही ती."

तीन रात्री तिथं, एक हजार पन्नास. इथली एक, दोन हजार सातशे वीस. तीन हजार सातशे सत्तर.

तीस उरले.

मी उभी राहिले. काउंटरवर नोटा मोजून ठेवल्या, शंभराच्या, आपल्याच, पक्ष्याचं चित्र वर करून. "आजची रात्र. समुद्राकडची. चित्रातली."

"नक्की, आंटी? एका रात्रीला एवढे?"

"बावीस वर्षांना भाग दे. स्वस्त पडते."

चादर.

दार लावलं, बूट काढले. आधी बोटांनी पाहिली. चांगला कपडा. डाव्या कोपऱ्याला घडी तिरकी गेलेली, कुणीतरी घाईत इस्त्री फिरवलेली. माझ्या हाताखाली असती तर परत पाठवली असती. माझा हात आपोआप ती सरळ करायला गेला.

मागे घेतला.

मग हातपाय पसरून, मधोमध, दुपारी अडीच वाजता, त्या तिरक्या घडीवर मी झोपले.

वहीचं शेवटचं पान, परतीच्या बोटीवर:

बेकरीवरची खोली गरम. पंखा मागितला, मिळाला. खेकडा-डंपलिंग दोनदा. होडीच्या काचेतून मासे पाहिले. मासेही बघत होते. पोशाख घालून रोज त्या हॉटेलसमोरच्या वाळूत बसले. शनेल सुट्टी झाल्यावर येऊन माझा पेलाव मागायची, कारण आतलं जेवण तिलाही अमेरिकनच पडतं. पेलाव संपल्यावर ती बेकरीतला पाव आणायची.

कर्विनचा निरोप आला: काय आणतेस माझ्यासाठी?

धक्क्यावर एक बाई तिळाचे लाडू विकत होती, पुडा तीसला. "आपले की त्यांचे?" मी विचारलं. ती इतकी हसली की एक लाडू जास्त टाकला.

पुडा मी बोट सुटताना फोडला. त्रिनिदादचे डोंगर दिसू लागले तेव्हा तळाला फक्त तीळ होते. तेही बोटानं टिपले.

भेटवस्तू ०. तेवढा आकडा मुळीच चुकला नाही.