तेजस्वी अध्यक्ष आणि पान एकशे अठ्ठेचाळीस

मोहाडीच्या जनजागर वाचनालयात रक्षाला नोकरी लागली ती अंधांसाठी पुस्तकं तयार करायला. काम ऐकायला सोपं होतं. पुस्तकाची पानं स्कॅन करायची, संगणक त्यातली अक्षरं ओळखणार, आणि मग यंत्र तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणार. मधल्या मध्ये संगणक जे दिवे लावायचा ते विझवायचे, एवढंच रक्षाचं काम. त्या संगणकाला ध आणि घ एकच वाटत, आणि भ दिसला की तो म समजून मोकळा व्हायचा.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं, यावर समितीची बैठक बसली. वाचनालयाची एकुलती एक अंध सभासद गोदावरीबाई करडीहून त्यासाठी मुद्दाम आली होती. विशीत डोळे गेलेली ही बाई पंचेचाळिशीनंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती.

"मले इतिहासाचं पुस्तक पायजे," ती म्हणाली. "परीक्षा तीन महिन्यावर आली."

सचिव चंद्रकुमार सरांनी ते नीट टिपून घेतलं आणि समितीनं एकमतानं अध्यक्षांचा गौरवग्रंथ निवडला. अंधांना आधी प्रेरणेची गरज असते, इतिहास काही पळून जात नाही, असं कारण इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

अध्यक्ष म्हणजे राईस मिलवाले भैय्यालालजी. साठी झाली तेव्हा लोकांनी आपला गौरव करावा, असं त्यांनी लोकांना सुचवलं होतं. त्यातून हा ग्रंथ निघाला. एकशे बारा फोटो, आणि मजकूर फोटोंच्या मधे जागा उरेल तेवढा.

पहिल्याच पानावर 'भैय्यालालजींनी धानाच्या व्यापारात नाव कमावले' या वाक्याचं संगणकानं 'मैय्यालालजींनी घानाच्या व्यापारात' करून ठेवलं. आपल्याकडे ण चा उच्चार न होतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यातून भलताच व्यापार कळला असता. रक्षानं ते दुरुस्त केलं. पण खरी कटकट फोटोंची होती, कारण प्रत्येक फोटोचं वर्णन रक्षालाच लिहायचं होतं. या कामाच्या हातपुस्तिकेत नियम होता: चित्रात दिसते ते लिहा, दिसत नाही ते लिहू नका, चित्रातली अक्षरे जशीच्या तशी द्या.

तिसऱ्या दिवशी चंद्रकुमार सर कागद घेऊन आले.

"रक्षा मॅडम, 'एक जाड गृहस्थ हार घालून उभे आहेत', हे काय लिहून राहिले तुम्ही? 'तेजस्वी' लिहा."

"सर, फोटोत तेज दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच तर लिहा लागते! आंधळ्यायले काय मालूम?"

रक्षाची नोकरी कच्ची होती. तिनं प्रत्येक वर्णनात 'तेजस्वी' टाकलं, पुढचं मात्र नियमाप्रमाणे ठेवलं. सरांनी संगणकाला तो शब्द शोधायला लावला, एकशे बारा वेळा सापडला, आणि त्यांनी न वाचताच सही केली.

दर बुधवारी गोदावरीबाई तयार झालेली पानं ऐकून तपासायला येई. एका बुधवारी एकशे अठ्ठेचाळीस नंबरचं पान पडद्यावर आलं आणि रक्षा थबकली.

"मावशी, ह्या फोटोत तुम्ही आहा."

"मी? काय करून राहिली मी?"

"अध्यक्षांच्या हातून पेटी घेऊन राहिल्या. खाली लिहिलं आहे, अंध भगिनीला बोलत्या यंत्राचे वाटप."

गोदावरीबाई जराशी हसली. "घेतली कुठं? हात ठेव म्हणे, मी ठेवला. फोटू निघाला आणि पेटी गेली. मले वाटलं, घरी पाठवतीन. दोन वर्सं झाले."

रक्षानं फोटो मोठा केला. पेटीच्या कोपऱ्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, मग गोदावरीबाईला वाचून दाखवली.

"काय लिहू, मावशी?"

"तुह्या कायद्यात काय आहे?"

"दिसते ते लिहायचं."

"मंग मले कायले विचारते?"

बोलत्या गौरवग्रंथाच्या लोकार्पणाला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मिलची माणसं बसवली होती. यंत्र जरा थांबलं की टाळ्या वाजवायचं त्यांना सांगून ठेवलं होतं. भैय्यालालजींनी माईक घेतला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "आमच्या भगिनीलेच विचारा, कोणतं पान आयकते?"

"एकशे अठ्ठेचाळीस," गोदावरीबाई म्हणाली.

रक्षानं यंत्राला आकडा दिला. पानांचे नंबर तिनंच चोख लावले होते, यंत्र सरळ तिथं पोचलं आणि खणखणीत आवाजात वाचू लागलं: "छायाचित्र. तेजस्वी भैय्यालालजी कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. त्यांच्या हातातील पेटीवर गोदावरीबाईंचा हात आहे. पेटीवर चिठ्ठी आहे. नमुना. कार्यक्रमानंतर परत करणे."

यंत्र थांबलं. पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खं सभागृह हसलं. भैय्यालालजी लाल झाले. "यंत्र चुकीचं वाचून राहिलं!"

"यंत्र बराबर आहे, साहेब," गोदावरीबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "मी होती ना तिथं."

दुसऱ्या दिवशी रक्षाला खुलासा मागणारं पत्र मिळालं. तिनं उत्तरात एक शब्दही लिहिला नाही. अध्यक्षांनी स्वतः निवडून छापलेलं ते पान जोडलं. पत्रव्यवहार तिथंच थांबला. आठवड्याभरात समितीची दोन माणसं पेटी आणि कॅमेरा घेऊन करडीला गेली. गोदावरीबाईनं अंगणातच पेटी फोडली, यंत्र बाहेर काढून चालू केलं, त्याला वेळ बोलायला लावली, आणि मगच पदर सारखा करून म्हणाली, "आता काढा फोटू."

पुढच्या बैठकीत ठराव झाला की, यापुढे फोटो असलेलं एकही पुस्तक घ्यायचं नाही. इतिहासाच्या पुस्तकात फोटो नव्हतेच, नकाशे होते, आणि नकाशांबद्दल ठरावात अक्षर नव्हतं. रक्षानं त्याच दुपारी पुस्तक स्कॅनरवर ठेवलं.

नकाशे शब्दांत सांगणं सोपं नव्हतं. एकदा ती अडली तशी गोदावरीबाईनं टेबलावर तळहात पालथा पसरला. "हे राज्य समज. नदी कुठून निघते, बोट फिरवून दाखव."

रक्षानं मनगटापासून करंगळीपर्यंत बोट हळूच फिरवत नेलं.

"हां, समजलं. आता डोंगर दाखव."