चौदा सेंटिमीटरने उतरलेला समुद्र

बंदराच्या जुन्या धक्क्यावर काय काय आहे, ते आधी मोजून सांगते. दगडी पायऱ्या एकोणीस, त्यांतल्या खालच्या सहा शेवाळलेल्या. दोर बांधायचे लोखंडी खुंटे चार, त्यांतला एक वाकलेला. दिव्याचा खांब एक. वरच्या कातळात ठोकलेला पितळी खिळा एक. आणि पाण्यात पाय सोडून, भिंतीला पाठ लावून उभी असलेली मी.

मित्रांनो, मी एक जुनी भरतीपट्टी आहे. समुद्राचे पाणी किती चढले आणि किती उतरले, ते माझ्या अंगावरच्या आकड्यांवरून वाचतात.

माझा जन्म बंदराच्याच सुतारखान्यात झाला, त्याला आता शंभर वर्षे होत आली. सुताराने जाड लाकूड रंधून, तेल पाजून मला सरळ केले. मग माझ्यावर पांढऱ्या मुलाम्याचे पत्रे बसवले आणि त्यांवर काळे आकडे आले. पण मला भिंतीवर लावण्याआधी बंदराच्या अभियंत्याने कातळात तो पितळी खिळा ठोकून घेतला. माझे शून्य खिळ्यापासून किती खाली आहे ते मोजले आणि खिळ्याशेजारी दगडात कोरले : ५.२६ मीटर.

सुताराने विचारले, "एवढा खटाटोप कशाला साहेब? पट्टी तर पक्की बसलीय."

"पट्टी एक दिवस निखळेल," अभियंता म्हणाला. "खिळा राहिला, तर ती परत कुठे लावायची ते कळेल."

तेव्हापासून दर वर्षी मोठ्या ओहोटीला माझा तळ उघडा पडला की, तिपाईवर दुर्बीण ठेवून खिळ्यापासून माझे अंतर तपासायचे, अशी इथली रीत पडली.

माझी उमेदीची वर्षे फार छान गेली. नावाडी माझ्याकडे पाहून होड्या काढत. मोठ्या जहाजांचे कप्तान माझे आकडे विचारल्याशिवाय आत येत नसत. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला नवे बंदर झाले आणि जहाजे तिकडे गेली. माझ्या पायाशी शिंपले चिकटले. कोणी माझ्या अंगाला होडी बांधे, कोणी माझ्या डोक्यावर ओले मोजे वाळत घाली. रोज येई ती फक्त मोजणी विभागातली अधिकारी. नावाड्यांनी तिचे नाव भरतीताई ठेवले होते. "काय म्हणतेय आमची म्हातारी?" असे विचारून ती आकडा टिपून घेई. खरे सांगते, त्या एका प्रश्नावर माझा दिवस जाई.

मग एका वर्षी आमच्या शहरात समुद्रकाठच्या शहरांची आंतरराष्ट्रीय परिषद ठरली. चाळीस देशांचे लोक येणार होते. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे, तर काठावरच्या घरांचे काय करायचे, यावर बोलणी होणार होती. आमच्या शहराने परिषदेपुढे एक आकडा ठेवायचा होता : माझ्या जन्मापासून इथला समुद्र किती वर आला. तो आकडा होता एकवीस सेंटिमीटर. पाहुणे मला पाहायला येणार हे कळले आणि मी हरखून गेले.

सगळे बंदर तयारीला लागले. त्या गडबडीत माझी वार्षिक तपासणी मात्र राहून गेली. तिच्याऐवजी आले रंगारीकाका. हा माणूस कामाला वाघ! त्यांनी खांब रंगवला, खुंटे रंगवले, मला भिंतीवरून उतरवून शिंपले खरवडले, घासूनपुसून चकचकीत केले आणि परत लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीताईने माझा आकडा वाचला. डोळे चोळून परत वाचला. वारा नव्हता, लाटा नव्हत्या, तरी पाणी अंदाजापेक्षा चौदा सेंटिमीटर खाली होते. तिने रंगारीकाकांना हाक मारली.

"काका, पट्टी होती तिथेच लावलीत ना?"

"छे! जरा वर घेतली," काका अभिमानाने म्हणाले. "खालचं टोक सारखं पाण्यात. शेवाळ धरायचं हो बिचारीला."

"आणि जुनी भोकं?"

"बुजवली की लांबी भरून. वरून रंग. शोधून दाखवा, सापडणार नाहीत!"

भरतीताई पायरीवर बसलीच. "काका, समुद्राला एकवीस सेंटिमीटर चढायला शहाण्णव वर्षं लागली. त्यातले चौदा तुम्ही एका दुपारी उतरवलेत."

काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात बंदरप्रमुख आले. सगळे ऐकून म्हणाले, "पाणी कमीच दिसतंय ना? मग बिघडलं कुठे! परिषदेच्या धाकानं समुद्र उतरला म्हणू." कोणी हसले नाही. तेव्हा तेही गंभीर झाले. "बरं, दुरुस्त कधी होईल?"

"तळ उघडा पडेल तेव्हा. उद्या अकराला."

"अकराला पाहुणे येतायत! त्यांच्यापुढे पट्टी खोलून बसायचं? अब्रू जाईल आपली."

"चुकीचा आकडा दिला तर जाईल, साहेब. तपासल्याशिवाय एकवीस हा आकडा कुठल्या तोंडानं सांगू?"

बंदरप्रमुखांनी टोपी काढून डोके खाजवले. "ठीक आहे. तपासणीही आम्हीच चुकवली ना! उद्या मीच दुर्बीण उचलून आणतो."

त्या दिवशी मला फार भीती वाटली. माझी जागा सापडली नसती, तर कालपर्यंतचे माझे सगळे आकडे एकीकडे आणि उद्याचे दुसरीकडे पडले असते. माझे आयुष्य मधोमध तुटले असते.

अकरा वाजता पाहुणे आले. भरतीताईने काही लपवले नाही. सोबतचा दुभाषी घुटमळला. "ताई, ते शेवाळाचं आणि बिचारीचं पण सांगू?"

"सांग की! तीच तर गंमत आहे."

त्याने सांगितले आणि पाहुणे खळखळून हसले. रंगारीकाकाही हसले, जरा उशिराने. फक्त एका छोट्या बेटावरून आलेली बाई हसली नाही. ती पुढे आली आणि दुभाष्यामार्फत म्हणाली, "आमची पट्टी वादळात निखळली. आम्ही ती अंदाजानं परत लावली. आमच्या अंगणात पाणी येतं, पण आमच्या आकड्यांवर आता कोणी विश्वास ठेवत नाही. तुमची ही जागा तुम्ही शोधणार कशी?"

भरतीताईने तिला खिळा दाखवला. "या, धरा," म्हणत मोजणीची काठी तिच्या हातात दिली. बाईने काठी खिळ्यावर उभी धरली. मग शेवाळावरून जपून उतरत माझ्या शून्यापाशी धरली. भरतीताईने सपाट रोखलेल्या दुर्बिणीतून दोन्ही वेळा काठीवरचा आकडा वाचला आणि वजाबाकी केली. अंतर निघाले ५.१२. काकांनी मला चौदा सेंटिमीटर खाली घेऊन पेच आवळले. पुन्हा मोजले. ५.२६.

दगडातल्या त्या आकड्यावरून बाईने बोट फिरवले. "आमच्याकडे कातळ भरपूर आहे," ती म्हणाली, "खिळा नाही."

त्या संध्याकाळी एकवीस सेंटिमीटर हा आकडा परिषदेपुढे गेला. मान्य झालेल्या कलमांत एक छोटे कलम बेटावरच्या बाईने सुचवलेले होते : प्रत्येक शहराने आपल्या काठावर पक्का खिळा ठोकावा, दर वर्षी पट्टी तपासावी आणि आकडे सर्वांना खुले ठेवावेत. माझ्या मापाची एक नवी पट्टी बेटावर गेली. ती रंगवली रंगारीकाकांनी. लावली मात्र दुसऱ्यांनी.

आता माझ्या शेजारी एक यंत्र बसले आहे. ते दर मिनिटाला पाणी मोजते. मला त्याचा हेवा नाही, कारण तेही त्याच खिळ्याला धरून मोजते. मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी जुनी मोजणारी वस्तू असेल. तिला जरूर स्वच्छ करा. पण हलवण्याआधी ती कुठे होती, तेवढे पाहून ठेवा.

गेल्या महिन्यात बेटावर मोठे वादळ झाले. ते ओसरल्यावर तिथल्या बाईने भरतीताईला निरोप पाठवला. तो भरतीताईने धक्क्यावर उभे राहून मोठ्याने वाचला :

"खिळा ते शून्य. वादळाआधी, तीन मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. वादळानंतर, तीन मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर."