मला दारूची जात कळत नाही

मी एक जुना तराजू आहे आणि मित्रांनो, मी रागावलो आहे. मुलांशी असं बोलू नये, ठाऊक आहे मला. पण मी काही साखर तोलणारा तराजू नाही. मी बंदुकीची दारू तोलतो, दाण्यादाण्याने.

हार्लन स्लेटन यांनी मला अमेरिकेत, मोंटानातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये आणलं, तेव्हा माझी पट्टी लखलखत होती. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं केली. सुरुवातीला त्यांच्या तीन रायफलींना तीन वेगळ्या दारूंचे डबे लागत. मग दोन हिवाळे खपून त्यांनी तिन्हींना चालेल अशी एकच दारू शोधली. ती कडाक्याच्या थंडीतही बिघडत नसे. शिवाय तिने पुंगळी जवळजवळ काठापर्यंत भरे, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तर ती सांडायचीच. "टेबलावर एकच डबा," हार्लन म्हणत. "दुसरा आला की घोळ आलाच."

शेजारी माझ्या काट्याचं कौतुक करत आणि मी फुगून जात असे.

मग त्यांच्या मुलीने, मार्लिसने, कर्टशी लग्न केलं. या कर्टने बॅटरीवरचा काटा आणला आणि मला खिळ्यांच्या खोक्यात टाकलं. तिथे मी दोन वर्षं गंजलो. हार्लननीच मला शोधून, पुसून परत टेबलावर ठेवलं. पण तो अपमान मी विसरलेलो नाही.

गेल्या ऑक्टोबरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीआधीच्या रविवारी हार्लन लेकीसाठी काडतुसं भरत होते. मार्लिस बूट घालून, कॉफी घेऊन शेजारी उभी होती. दारू माझ्या पारड्यात पडे, माझा काटा शून्यावर थांबे, ते पुंगळी भरत आणि वर गोळी बसवत. सतरा झाली. अठराव्या पुंगळीत त्यांनी टॉर्च मारला आणि त्यांचा हात थबकला.

"ही खाली का बसलीय?" ते पुटपुटले. वजन बरोबर होतं, पण पुंगळी भरली नव्हती. त्यांनी चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर पसरली. लांबट दाण्यांत बारीक गोल मणी होते.

"जावईबापू! इकडे या जरा."

कर्ट आला. "काय झालं, बाबा?"

"माझ्या डब्यात काय ओतलंस?"

"काल पिस्तुलाची काडतुसं भरली, त्यातली थोडी दारू उरली होती. दोन्ही काळीच दिसतात हो. वाया कशाला घालवायची?"

मित्रांनो, पिस्तुलाची दारू भसकन पेटते. ती रायफलमध्ये गेली, तर नळी फुटून शिकाऱ्याच्या तोंडावर येते. आणि मी? सतरा वेळा शून्य दाखवून मी "ठीक आहे" म्हणालो होतो! मला वजन कळतं, दारूची जात कळत नाही. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे.

मार्लिसने कॉफी खाली ठेवली. भिंतीवरची रायफल काढून, रिकामी असल्याची खात्री करून तिने ती नवऱ्याच्या हातात दिली.

"लाव गालाला."

"मार्लिस, अगं..."

"लाव म्हणते ना! मी लावते तशीच. डोळा इथे. आता म्हण, थोडीच होती."

कर्टने रायफल गालावरून खाली घेतली आणि भिंतीवर परत टांगली.

हार्लननी ती सतरा काडतुसं त्याच्याकडूनच एकेक करून उघडून घेतली. मग डबा अंगणात नेऊन सगळी दारू गवतावर विस्कटून टाकली. तिच्यात नत्र असतं, म्हणून इथली जुनी माणसं बिघडलेल्या दारूचं खतच करतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या, पुसा, झाका, हे मी सांगणार होतो. पण ते राहू द्या. मी गंजलो तरी चालेल. उरलेलं ज्याचं त्याच्या डब्यात घाला आणि ओळख पटत नसेल तर फेकून द्या.

यंदा अंगणात त्या जागी गवत गुडघाभर, हिरवंगार वाढलं आहे. दर शनिवारी ते कर्टलाच कापावं लागतं आणि मार्लिस दारात उभी राहून दोन्ही डोळ्यांनी बघत असते.