सासरे विरुद्ध उपग्रह

आमच्या घरात तळ्याची पातळी मोजणारी माणसं दोन. सासरे धक्क्याच्या खांबाला ठोकलेली मोजपट्टी रोज सकाळी वाचतात आणि आकडा फोनवर पाणीखात्याला कळवतात. मी त्याच खात्यात दुसऱ्या मजल्यावर बसते आणि उपग्रहावरून तीच पातळी काढते. उपग्रह ठरलेल्या वाटेने दर दहा दिवसांनी तळ्यावरून जातो, खाली एक लहर सोडतो आणि ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी कुठवर आहे ते कळतं. लग्नानंतर हे सगळं मी सासऱ्यांना हौसेने समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "म्हणजे लांबूनच," एवढंच म्हणाले.

आमचे आकडे जुळत होते तोवर घर सुखात होतं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर बिनसलं. माझा आकडा दर फेरीला खाली जाऊ लागला आणि त्यांची पट्टी जागची हलेना. बघता बघता हातभर फरक पडला. शहरासाठी पाणी उपसणाऱ्या विहिरीचा, म्हणजे जॅकवेलचा, पाइप तळ्याच्या मधल्या भागात उघडतो. माझं खरं असेल, तर ऐन उन्हाळ्यात त्याचं तोंड पाण्याबाहेर येऊन अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडणार होते. पाइप आणखी खोलात न्यायचं काम आत्ताच हाती घ्यायला हवं होतं. त्यासाठी सोमवारी बैठक होती आणि साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, की उपग्रह चुकतो, पट्टी चुकत नाही, तेव्हा बाईंचे आकडे बाजूला ठेवा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गणित पुन्हा केलं, मग आणखी एकदा केलं, आणि उत्तर तेच आलं.

घरी तर बोलायची सोय नव्हती. सासूबाईंनी जेवताना तळ्याचा विषय काढायचा नाही असा फतवा काढला होता. नवरा नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. माझ्यापाशी माझं पटतं म्हणायचा आणि वडिलांपाशी वडिलांचं. शेवटी सासऱ्यांनीच फतवा मोडला.

"तुला काय वाटतं, मी घरबसल्या आकडा ठोकून देतो?" त्यांनी विचारलं.

मी तसं म्हटलं नव्हतं. पण त्यांना ते तसंच लागलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. तरी मी माघार घेतली नाही. रविवारी ऑफिसातलं जीपीएस यंत्र घेऊन स्वतः पाणी मोजून येते, असं जाहीर केलं. सासरे म्हणाले, "होडी माझी आहे." शिवाय मी यंत्र तिरकं धरीन आणि दोष पट्टीला देईन, म्हणून तेही आले.

पहिलं माप धक्क्यावर घेतलं. पट्टी आणि यंत्र यांच्या आकड्यांत बोटभरसुद्धा फरक नव्हता. माझं तोंड एवढंसं झालं. सासरे शीळ घालू लागले, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"आता उपग्रहाच्या वाटेवर घ्या होडी," मी म्हटलं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं पुटपुटत त्यांनी वल्ही हातात घेतली.

धक्का एका आखातात आहे. त्याच्या तोंडाशी पुरुषभर उंचीची पाणकणसं दाटली आहेत. त्यांतून जायची एक जुनी वाट आहे, त्या वाटेत होडीचा तळ खरवडला. सासऱ्यांनी वल्हं खाली रोवलं तर ते चिखलात रुतलं. ते वल्ह्याकडे बघतच राहिले. इथे वल्हं कधी तळाला टेकलं नव्हतं. मग ते खाली उतरले, मीही उतरले, आणि दोघांनी गुडघाभर चिखलातून होडी ओढून पलीकडे काढली.

पलीकडचं पाणी डोळ्यांना दिसेल इतकं खाली होतं. तळं आटत गेलं तसा तोंडाजवळचा गाळाचा उंचवटा वर आला होता आणि आखात मोठ्या तळ्यापासून तुटलं होतं. धक्क्याशेजारी शहराचा मोठा नाला येऊन पडतो, त्याच्या पाण्याने ते आयतं भरलेलं राहत होतं. मी यंत्र लावलं. माझा आकडा बरोबर होता.

या क्षणासाठी मी वाटेत दोन-चार चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. सासरे चिखलात उभे राहून मागे बघत होते.

"मग मी इतके दिवस काय मोजत होतो?"

"बरोबरच मोजत होतात, बाबा. पण ते नाल्याचं पाणी होतं."

संध्याकाळी पान वाढलं, तर सासरे भूक नाही म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीही ताटावरून उठले.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. पट्टी वाचणाऱ्याला बैठकीला कुणी बोलावत नाही, पण ते सरळ आत येऊन बसले. साहेबांनी वाचून दाखवलं, की मोजपट्टीनुसार पातळी स्थिर असल्याने पाइपचं काम पुढच्या वर्षावर ढकलावं. मी उठणार, तेवढ्यात सासरे उठले आणि म्हणाले, "माझा पट्टीचा आकडा धरू नका."

साहेब बुचकळ्यात पडले. "म्हणजे तुमची पट्टी चुकली?"

"पट्टी चुकली नाही, साहेब. तळंच तिला सोडून गेलंय. कालच पाहून आलो." मग ते माझ्याकडे वळले. "सांग तू. किती खाली गेलंय ते नीट सांग."

मी उभी राहिले. ज्या आकड्यासाठी घरीदारी भांडले होते, तो सांगितला. साहेबांनी तो लिहून घेतला आणि पाइप किती वाढवायचा ते विचारलं. सासरे मान खाली घालून ऐकत होते, आणि प्रत्येक आकड्याला हो म्हणत होते.